पाऊस आठवत नाही, कपडे मात्र ओले: डिमेन्शिया झालेल्या माणसाची रोजची काळजी

गेल्या काही वर्षांत अल्झायमरच्या नव्या औषधांच्या बातम्या अधूनमधून येत असतात. लेकानेमॅबला अमेरिकेत २०२३ मध्ये पूर्ण मान्यता मिळाली, डोनानेमॅबला २०२४ मध्ये. अशी बातमी आली की ज्यांच्या घरात हा आजार आहे त्यांच्या फोनवर ती दहा जणांकडून येऊन पडते. वाचून होते. घरातला प्रश्न मात्र जिथल्या तिथे असतो: बाबांनी पाच दिवस अंघोळ केलेली नाही, आणि विचारलं की म्हणतात, "आत्ताच तर केली."

औषधांचं थोडक्यात सांगून टाकते. ही दोन्ही औषधं आजार अगदी सुरुवातीला असेल तरच देतात, आणि त्यांनी घसरण काहीशी मंदावते; गेलेलं परत येत नाही. मेंदूला सूज येण्याचा किंवा बारीक रक्तस्राव होण्याचा धोका असतो, म्हणून मधूनमधून एमआरआय करावा लागतो. डोनेपेझिल, मेमॅन्टिन ही जुनी औषधं काही जणांना काही काळ थोडा आधार देतात. म्हणजे औषध कुठलंही चालू असो, दिवस निभावायचा तो घरातल्या माणसांनीच. वडिलांचं मी सात वर्षं केलं. इथे लिहिलेलं निम्मं मी आधी चुकीचं करून मगच शिकले, त्यामुळे सूर कुठे हट्टी वाटला तर चालवून घ्या.

वहीत शाई उमटेनाशी होते

डिमेन्शिया, म्हणजे स्मृतिभ्रंश, हे एका आजाराचं नाव नाही. ताप जसा मलेरियानंही येतो आणि फ्लूनंही येतो, तसं हे आहे. स्मरण, भाषा, विचार, निर्णय यांची इतकी घसरण होते की रोजची कामं एकट्यानं जमेनाशी होतात. त्या अवस्थेला डिमेन्शिया म्हणतात. तिच्यामागे अल्झायमर हे सगळ्यात मोठं कारण, साधारण ६० ते ७० टक्के रुग्णांमध्ये. बाकीच्यांत मेंदूच्या रक्तवाहिन्या खराब झाल्यामुळे होणारा प्रकार येतो, समोर नसलेली माणसं किंवा प्राणी दिसायला लावणारा लेवी बॉडीचा प्रकार येतो, आणि स्मरणाआधी स्वभावच बदलून टाकणारा फ्रंटोटेम्पोरल येतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२१ मध्ये जगात ५.७ कोटी लोकांना डिमेन्शिया होता.

"साठी बुद्धी नाठी, वयाचंच आहे," असं म्हणणारे भेटतातच. आपल्याकडे म्हातारचळ हा शब्दही तयार आहे. वय वाढलं की धोका वाढतो हे खरं, पण हा वयाचा भाग नव्हे, मेंदूचा आजार आहे. डॉक्टर अलॉइस अल्झायमर यांनी १९०१ मध्ये फ्रँकफुर्टच्या रुग्णालयात ज्या बाईंना तपासलं आणि १९०६ मध्ये ज्यांच्या मेंदूबद्दल पहिल्यांदा सांगितलं, त्या आउगुस्ट डेटर तपासणीच्या वेळी ५१ वर्षांच्या होत्या. चष्मा कुठे ठेवला ते विसरणं वेगळं. चष्मा हातात घेऊन हे काय आहे असा प्रश्न पडणं वेगळं.

मेंदूत हिप्पोकॅम्पस नावाचा एक छोटा भाग असतो. आज काय घडलं याची नोंद तो करून घेतो. अल्झायमर बहुधा सुरुवातीलाच इथे हात घालतो. जुन्या वहीची मागची पानं भरलेली आहेत, पण आजच्या पानावर पेन चालवलं तर शाई उमटत नाही, असं काहीसं होतं. म्हणून चाळीस वर्षांपूर्वीच्या साहेबाचं नाव ठसठशीत आठवतं आणि तासाभरापूर्वीचं जेवण आठवत नाही. "आत्ताच अंघोळ केली" हे खोटं नाही. त्यांच्या वहीत मागची अंघोळ आणि आताची वेळ यांच्यामध्ये काहीच लिहिलेलं नाही.

पण एक गोष्ट शाईवाचूनही राहते. पावसात भिजलेला माणूस पाऊस विसरला तरी त्याचे कपडे ओलेच असतात. अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१० मध्ये हिप्पोकॅम्पसला इजा झालेल्या रुग्णांना दुःखाच्या आणि आनंदाच्या प्रसंगांच्या चित्रफिती दाखवल्या. काय पाहिलं ते थोड्या वेळानं त्यांना सांगता येईना, पण मनातली उदासी किंवा बरं वाटणं टिकून होतं. २०१४ मध्ये तिथेच अल्झायमरच्या रुग्णांवर असा प्रयोग झाला, तेव्हाही हेच दिसलं. सकाळी आपण खेकसलो हे ते विसरतात. दुपारभर बेचैन मात्र राहतात, आणि का ते त्यांनाही माहीत नसतं. पुढचं सगळं या एका गोष्टीवर उभं आहे.

"पण काही गोष्टी मुद्दाम करतात ना?"

ही शंका सगळ्यांना येते. मलाही आली होती. पाहुणे आले की बाबा तासभर छान बोलायचे, हवापाण्याच्या गप्पा, दारापर्यंत सोडायला जाणं, सगळं. पाहुणे वळले की मला विचारायचे, "तुम्ही कोण?" आणि पाहुणे जाताना म्हणालेले असायचे, "चांगले तर आहेत की!"

पाय मुरगळलेला माणूस चार लोकांसमोर दहा पावलं सरळ चालू शकतो, नंतर मात्र त्याचा घोटा ठणकतो. तसंच हे. आगतस्वागताची सवय इतकी मुरलेली असते की ती नव्या आठवणींवाचून चालते, पण ती चालवायला लागणारी ताकद नंतर वसूल होते. एक दिवस बरा, एक दिवस वाईट, हा आजाराचाच स्वभाव आहे. लेवी बॉडीच्या प्रकारात तर तासातासाला फरक पडतो. आणि मुद्दाम छळायचं म्हटलं तर आधी बेत आखावा लागतो, तो लक्षात ठेवावा लागतो. तेच तर जमत नाहीये.

घरात दोन मेंदू आहेत. एकाला नवं शिकता येत नाही. मग सवय बदलायची कोणी, याचं उत्तर आवडो न आवडो, एकच आहे.

समजावून सांगायचं नाही, मग बोलायचं कसं?

वाद घालायचा नाही. याला पहिल्या वर्षी मी हार समजत होते. "आज सोमवार आहे बाबा, हे बघा कॅलेंडर." कॅलेंडर दाखवून मी जिंकायचे आणि त्यांचा चेहरा पडायचा. सोमवार पाच मिनिटांत पुसला जायचा, पडलेला चेहरा संध्याकाळपर्यंत तसाच.

वाक्य लहान ठेवा आणि एका वेळी एकच गोष्ट सांगा. "उठा, तोंड धुवा, कपडे बदला, डॉक्टरांकडे जायचंय," या वाक्यातलं त्यांच्यापर्यंत बहुधा एकच टोक पोहोचतं. "चला, उठू या," एवढंच म्हणा आणि थांबा. खरंच थांबा, मनात दहा आकडे मोजा. आपण घाईनं तेच वाक्य वेगळ्या शब्दांत पुन्हा म्हणतो, आणि त्यांना ते नवंच वाक्य वाटतं, पुन्हा पहिल्यापासून सुरू. मागून हाक मारू नका, समोर या, त्यांच्या डोळ्यांच्या उंचीवर बसा. टीव्ही बंद करा. आणि आधी बघा, श्रवणयंत्राची बॅटरी चालू आहे का, चष्मा पुसलेला आहे का. ऐकू न आल्यानं झालेला गोंधळ आपण आजाराच्या खात्यात टाकून मोकळे होतो.

"मी कोण, ओळखलंत का?" ही परीक्षा घेणाऱ्या पाहुण्यांना मी दारातच सांगायला लागले होते: आत जाऊन आपलं नाव आपणच सांगा. नापास होण्याची लाज त्यांना पुरेपूर कळत असते.

एकच प्रश्न वीस वेळा येतो त्याचं काय? "डॉक्टरांकडे कधी जायचं?" याचं उत्तर तारीख नाही. प्रश्नाच्या पोटात धास्ती असते: मला काही होतंय का, मला इथे एकटं सोडणार का. म्हणून "मी बरोबर येणार आहे, मी बघते सगळं," हे उत्तर तारखेपेक्षा जास्त वेळ टिकतं. पाटीवर लिहून समोर ठेवलं तर वाचता येतं तोवर उपयोग होतो. आणि "मघाशीच सांगितलं ना!" हे वाक्य विसाव्यांदा तोंडातून निघणारच, निघालं तर स्वतःला फार कोसू नका, पाणी प्या, पुढच्या खोलीत जाऊन या.

म्हणजे खोटं बोलायचं?

आई कुठे आहे, असं ऐंशी वर्षांचा माणूस विचारतो. आई जाऊन तीस वर्षं झाली. खरं सांगितलं तर बातमी त्यांच्यासाठी ताजी असते, रडणं ताजं असतं, आणि उद्या पुन्हा विचारतील तेव्हा पुन्हा ताजं. हे मी एकदा केलं. दुसऱ्यांदा केलं नाही.

खरं सांगून रडवणं आणि थाप मारणं, या दोन टोकांच्या मध्ये बरीच जागा आहे. "आईची आठवण येतेय का? कशी होती हो ती?" यात खोटं काही नाही, आणि बहुतेक वेळा त्यांना तेच हवं असतं, आईबद्दल बोलायला. जर्मनीतल्या ड्युसेलडॉर्फमधल्या एका वृद्धाश्रमाच्या बाहेर बसथांबा उभारला होता, जिथे बस कधीच येत नाही. घरी जायचंय म्हणून अस्वस्थ झालेली मंडळी तिथे बाकावर बसत, कर्मचारी शेजारी बसून बोलत, आणि थोड्या वेळानं ओढ शमली की आत येत. याला फसवणूक म्हणणारे आहेत, आणि त्यांचं म्हणणं मी उडवून लावणार नाही. अवस्था सौम्य असताना माणसाला थाप कळते आणि विश्वास जातो. माझा नियम इतकाच होता: माझी सोय व्हावी म्हणून थाप मारायची नाही. पैसे, घर, औषध, सही, इथे तर मुळीच नाही.

अंघोळ: सगळ्यात मोठं रण

अंघोळ हे आपल्याला एक काम वाटतं. मोजून बघा: उठणं, न्हाणीघर शोधणं, बटणं काढणं, कुठल्या क्रमानं कपडे उतरवायचे ते ठरवणं, गरम-गार पाणी जुळवणं, साबण, मग धुणं, मग पुसणं. वीस-पंचवीस पायऱ्या. मेंदूचा जो भाग कामांची रांग लावतो तोच थकलेला असला तर चौथ्या पायरीवर माणूस अडतो, आणि अडलेला माणूस "नको" म्हणतो. शिवाय उघडं पडण्याची लाज, थंडी, निसरडी फरशी, डोक्यावर अचानक आदळणारं पाणी. त्यातून स्वच्छ पाणी किती खोल आहे ते डोळ्यांना उमगत नाही. हे सगळं त्यांच्या बाजूनं पाहिलं तर "नको" हे उत्तर शहाणपणाचंच वाटायला लागतं.

पहिली सूट स्वतःला द्या: रोज अंघोळ घातलीच पाहिजे असं नाही. आठवड्यातून दोन-तीनदा पूर्ण अंघोळ, आणि इतर दिवशी चेहरा, काखा, जांघा कोमट ओल्या कापडानं पुसून नीट कोरडं करणं पुरतं. त्वचेच्या घड्या तेवढ्या रोज बघा.

आमच्याकडे जमलेली रीत सांगते. वेळ त्यांची, म्हणजे नोकरीला जाताना ते ज्या वेळी अंघोळ करायचे ती. "अंघोळ करायची का?" असं विचारायचं नाही, कारण प्रश्नाला "नाही" हे उत्तर असतंच. "पाणी तयार आहे," म्हणायचं आणि हात पुढे करायचा. आत सगळं आधीच मांडलेलं: खुर्ची, पायाखाली न सरकणारी मॅट, भिंतीला धरायला दांडी, साबण, कपडे घालायच्या क्रमानं रचलेले, आतले सगळ्यात वर. खोली आधीच उबदार केलेली. खांद्यांवर मोठा टॉवेल, आणि तो अंघोळ संपेपर्यंत काढायचा नाही. त्याच्याखालूनच पाणी घालायचं, त्याच्याखालूनच साबण लावायचा. टॉवेल भिजतो, भिजू दे. सुरुवात पायांपासून, डोकं सगळ्यात शेवटी किंवा त्या दिवशी नाहीच. त्यांच्या हातात एक ओलं फडकं द्यायचं. त्यानं ते स्वतःच्या छातीवर हात फिरवत राहायचे, आणि हाताला काम असलं की मला ढकलायचे नाहीत.

दात घासायला एक युक्ती फार उपयोगी पडली: हाताखाली हात. आपण ब्रश धरून त्यांच्या तोंडात घातला की तोंड मिटतं. ब्रश आपल्या हातात, पण त्यांचा हात आपल्या हातावर ठेवून तो तोंडाकडे नेला तर स्नायूंना जुनी ओळख पटते. पहिल्यांदा हे केलं तेव्हा त्यांच्या बोटांची पकड हळूहळू घट्ट झाली, मनगट आपलं आपण वळायला लागलं, आणि माझा हात नुसताच बरोबर फिरत राहिला. चमचा, कंगवा, दाढीचं यंत्र, सगळीकडे हे चालतं.

त्यातूनही फार आरडाओरडा झाला तर सोडून द्या. अर्ध्या तासानं नव्यानं जा. त्यांच्या वहीत पहिला प्रयत्न लिहिलेलाच नसतो. या आजाराचा हा एवढाच फायदा, तो जरूर घ्यावा.

जेवण, पाणी आणि शौचालय

पांढऱ्या ताटात पांढरं अन्न वाढलं तर काही जणांना ते दिसतच नाही. डोळे ठीक असतात. कडा वेगळ्या काढण्याचं काम मेंदूला जमत नाही. २००४ मध्ये बॉस्टनच्या संशोधकांनी अल्झायमरच्या पुढच्या अवस्थेतल्या रुग्णांना पांढऱ्याऐवजी गडद रंगाची भांडी दिली. खाणं सुमारे २५ टक्क्यांनी आणि पिणं ८४ टक्क्यांनी वाढलं. अभ्यास लहान होता, पण एक रंगीत ताट आणून बघायला काय हरकत आहे? नक्षीचं मात्र नको, नक्षीलाच उचलायला जातात.

एका वेळी एकच पदार्थ पुढे ठेवा. हातानं उचलून खाता येईल असं काही रोज असू द्या. चव कमी झाल्यामुळे गोडाची ओढ वाढते. वजन घटत असेल तर तिच्याशी भांडण्यात अर्थ नाही, मधुमेह असेल तर डॉक्टरांना विचारून. पाणी "प्यायचंय का" विचारून कोणी पीत नाही, तहान लागल्याचंच कळत नाही. थोडं थोडं, पुन्हा पुन्हा, हातात ग्लास देऊन, आणि आपणही समोर बसून एक घोट घ्यायचा.

खाताना खोकला येणं, घोटानंतर आवाज घोगरा होणं, अन्न गालात साठवून ठेवणं, छातीचा संसर्ग वारंवार होणं: गिळणं बिघडल्याच्या या खुणा आहेत. गिळण्याची तपासणी करणाऱ्या थेरपिस्टना दाखवा. ताठ बसवूनच भरवा, आणि जेवणानंतर अर्धा तास आडवं होऊ देऊ नका. शेवटच्या अवस्थेत नळीनं अन्न देण्याचा प्रश्न येतो तेव्हा घरात फार ताण होतो. वृद्धांवर उपचार करणाऱ्या अमेरिकी डॉक्टरांच्या संघटनेचा सल्ला स्पष्ट आहे: प्रगत डिमेन्शियात पोटात नळी न घालता सावकाश हातानं भरवावं. नळीमुळे आयुष्य वाढतं किंवा फुप्फुसात अन्न जायचं थांबतं, असं दिसून आलेलं नाही.

कपड्यांत लघवी होण्यामागे पुष्कळदा मूत्राशयाचा दोष नसतो. शौचालय सापडत नाही किंवा बटण वेळेत निघत नाही. दार उघडं ठेवा, रात्री आत दिवा ठेवा, दारावर शौचालयाचं चित्र लावा, कमरेला इलॅस्टिकचे कपडे द्या, दर दोन तासांनी घेऊन जा.

घराकडे त्यांच्या डोळ्यांनी बघा

दारातली काळी मॅट त्यांना खड्डा वाटू शकते, चकचकीत फरशी पाणी वाटते, रात्री खिडकीच्या काचेत दिसणारं प्रतिबिंब चोर वाटतं. मॅट उचला, पडदे ओढा, आरसा झाका. पायऱ्यांच्या कडांना रंगीत पट्टी लावा. गॅसची मुख्य चावी, औषधं, फिनेलसारख्या बाटल्या कुलपात. बाहेर निघून जाण्याची शक्यता गृहीत धरा: खिशात नाव आणि फोन नंबर, आपल्या फोनमध्ये अलीकडचा फोटो, शेजाऱ्यांना कल्पना. माणूस आत असताना त्याला एकट्याला बाहेरून कडी लावू नका, आग लागली तर तो अडकतो. गाडीची चावी काढून घेणं हे फार दुखरं भांडण असतं. ते डॉक्टरांच्या तोंडून होऊ द्या.

कागदपत्रांचं काम निदान झाल्याबरोबर. कोणाला सहीचा अधिकार द्यायचा, शेवटी कसले उपचार हवेत, कसले नकोत, हे ते स्वतः सांगू शकतात ते दिवस थोडे असतात.

दिवेलागणीला काय होतं?

दुपारपर्यंत बरा असलेला माणूस संध्याकाळी येरझाऱ्या घालतो, घरी जायचंय म्हणतो, अंगावर येतो. हे इतकं सर्रास दिसतं की इंग्रजीत त्याला सनडाउनिंग असा शब्द पडला आहे. दिवसभराचा थकवा, शरीराचं विस्कटलेलं घड्याळ, लांबलेल्या सावल्या, भूक, घरातली गडबड, अशी बरीच कारणं एकत्र येतात. अंधार पडायच्या आधीच दिवे लावा. सकाळी उन्हात फिरवून आणा. दुपारची झोप लांबू देऊ नका.

बाबा हिशेबनीस होते. सहा वाजले की त्यांचा ऑफिसचा धोशा सुरू व्हायचा, "उशीर होतोय, हिशेब जुळायचाय." आधी मी सांगायचे, तुम्ही निवृत्त झालात. मग एक दिवस जुन्या बिलांची फाइल आणि पेन्सिल पुढे ठेवली. त्यांनी चष्मा वर सरकवला, बोटाला थुंकी लावून कागद उलटला, एकेका आकड्यासमोर बारीक खूण करत गेले. शेवटच्या पानावर सही केली, पेन्सिल कानावर ठेवली आणि म्हणाले, "झालं." तेच कागद दुसऱ्या दिवशी चालायचे. काम म्हणून त्याला काडीची किंमत नव्हती असं कोणी म्हणेल, पण त्या तासाभरात ते रुग्ण नसायचे.

अचानक बिघडलं तर वाट बघू नका

डिमेन्शिया महिन्या-वर्षांनी उतरत जातो. दोन दिवसांत माणूस पार बदलला, असंबद्ध बोलतोय किंवा नुसताच गुंगीत पडून आहे, तर तो आजाराचा पुढचा टप्पा समजू नका. जुनी माणसं ज्याला "वात झाला" म्हणायची तो प्रकार, डॉक्टरांच्या भाषेत डिलिरियम, असू शकतो. लघवीचा किंवा छातीचा संसर्ग, शरीरातलं पाणी कमी होणं, बद्धकोष्ठ, एखादं नवं औषध, ही त्याची नेहमीची कारणं. म्हाताऱ्या माणसात संसर्ग असूनही ताप येतोच असं नाही. त्याच दिवशी डॉक्टर गाठा. कारण सापडलं तर पुष्कळदा माणूस बराचसा मूळपदावर येतो.

सर्दीच्या, झोपेच्या काही साध्या गोळ्याही गोंधळ वाढवतात, विशेषतः डायफेनहायड्रामीन असलेल्या. दुकानातून परस्पर आणू नका. आणि "शांत करायचं औषध" मागताना दहादा विचार करा. मनोविकारावरची ही औषधं डिमेन्शिया असलेल्या वृद्धांमध्ये मृत्यूचा धोका वाढवतात, असा ठळक इशारा अमेरिकी औषध नियामकानं २००५ मध्ये दिला. लेवी बॉडीच्या रुग्णांना तर त्यांची फार तीव्र प्रतिक्रिया येऊ शकते. कधी कधी ती लागतात, माणूस स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा करत असेल तेव्हा, कमी मात्रेत, थोड्या दिवसांसाठी. त्याआधी एक प्रश्न: कुठे दुखत तर नाही ना? दुखतंय हे सांगता न येणारा माणूस ते हातपाय झाडून सांगतो.

आणि माझं काय?

हा प्रश्न विचारायला मला तीन वर्षं लागली, आणि विचारला तेव्हा अपराधी वाटलं. न्यूयॉर्कमध्ये अल्झायमरच्या ४०६ रुग्णांच्या नवऱ्या-बायकांवर वर्षानुवर्षं एक अभ्यास चालला. त्यातल्या निम्म्यांना समुपदेशन, घरातल्या इतरांबरोबर बैठका, आधारगट आणि अडचणीला फोनवर सल्ला मिळत होता. त्यांच्या घरची माणसं संस्थेत ठेवायची वेळ सुमारे ५५७ दिवसांनी लांबली. लक्षात घ्या, रुग्णाला काहीच वेगळं दिलं नव्हतं. सांभाळणाऱ्याला सांभाळलं होतं.

"काही लागलं तर सांग," म्हणणाऱ्या नातेवाइकांना नेमकं काम सांगा: दर शनिवारी दुपारी तीन तास. आणि संस्थेत ठेवलं तर लोक नावं ठेवतील म्हणून पाठ मोडून घेऊ नका. रात्री झोप नाही, उचलताना कंबर जाते, हात उगारला जाईल अशी भीती वाटते, यातलं एक जरी खरं असेल तर दुसरी सोय बघायची वेळ झाली आहे.

मी पहिल्यांदा चार दिवस बाहेर गेले तेव्हा बाबांकडे येणाऱ्या मदतनीस ताईंसाठी एक कागद फ्रिजवर लावला होता. समोरून या, नाव सांगा. अंघोळ दहा वाजता, टॉवेल खांद्यावरच. सहा वाजता निळी फाइल, पेन्सिलीला टोक केलेलं असावं. शर्ट घालताना मारायला येतात, सांभाळून.

परत आले तर शेवटच्या ओळीखाली ताईंनी लिहून ठेवलं होतं: "उजवा खांदा दुखतो. उजवी बाही आधी घाला, मारत नाहीत."